हात काढला का?

१

दाऊद घड्याळवाल्याची शुक्रवारची दुपार ठरलेली होती. जुम्म्याची नमाज झाली की तो दुकान उघडतच नसे. घरी यायचा, जेवायचा आणि आतल्या खोलीतल्या बाकड्यावर जाऊन बसायचा. मग दिवस कलताना अस्रची अजान होईपर्यंत त्याला कुणी हाका मारून घसा कोरडा केला तरी उपयोग नव्हता. सगळ्या भिंगारची घड्याळं वेळेवर आणणारा हा माणूस शुक्रवारी स्वतः वेळ विसरतो, अशी त्याची बायको रजिया थट्टा करायची. थट्टा खरी होती, म्हणून तो हसून सोडून द्यायचा.

बाकड्यावरचं काम दोघांचं होतं, दाऊदचं आणि बन्सीचं. बन्सी म्हणजे शेजारच्या आळीतल्या रतनबाईचा एकुलता एक. लढाईत तो वायरलेसच्या कामावर होता. लढाई संपली, बन्सी घरी आला, आणि लष्करानं नगरच्या छावणीतलं नको झालेलं सामान ढिगानं विकायला काढलं. लोकांनी तंबू घेतले, बूट घेतले, बादल्या घेतल्या. या पठ्ठ्यानं एक लाकडी खोकं उचलून आणलं. आत व्हॉल्व्ह, कंडेन्सर, तारांची भेंडोळी, आणि हे सगळं जोडून रेडिओ कसा बनवायचा याचा छापील नकाशा. शिकाऊ शिपायांचा हात बसावा म्हणून देत असत तसला तो संच होता. दाऊदनं तो पाहिला मात्र, आणि घड्याळांवरचं त्याचं मनच उडालं.

रेडिओला लागतात साडेतीनशे व्होल्ट आणि मोटारीच्या बॅटरीत असतात सहा. सहाचे साडेतीनशे करणारा एक पत्र्याचा डबा संचात वेगळा जोडायचा होता. बन्सी त्याचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव घ्यायचा. दाऊद आपला नुसता 'डबा' म्हणायचा. त्या डब्याला हात लागला तर माणूस जागचा उठत नाही, हे बन्सीनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

बॅटरी घरात ठेवायला रजियाची बंदी होती, कारण तेजाबाच्या एका थेंबानं तिच्या नव्या गोधडीला भोक पाडलं होतं. म्हणून बॅटरी पडवीत, खटकाही पडवीत, आणि भिंतीतल्या भोकातून तारा आत बाकड्यापर्यंत. खटक्यावरच्या माणसाला डब्यावरचा माणूस दिसायचा नाही. त्यासाठी बन्सीनं पलटणीतली रीत घालून दिली. खटक्यावरच्यानं विचारायचं, "हात काढला का?" डब्यावरच्यानं हात बाहेर काढायचा, पाठीमागे कमरेला लावायचा आणि मगच म्हणायचं, "काढला." उत्तर आलं तर खटका. नाही आलं तर दिवस मावळला तरी खटका नाही.

अश्विनातल्या एका शुक्रवारी डबा मध्येच बंद पडायला लागला. दोष शोधायला बन्सी आत बसला आणि दाऊद पडवीत गेला. दाऊदनं विचारलं, "हात काढला का?" आतून आलं, "काढला." दाऊदनं खटका दाबला.

बन्सीचा हात डब्यातच होता.

२

रतनबाई गावात दूध घालायची. दाऊदच्या घरी अर्धा शेर दूध तिचंच असायचं. मुलगा गेल्यावर दहा दिवस ती आली नाही. अकराव्या दिवशी सकाळी आली, दूध ओतलं, आणि दारात उभी राहून तिनं दाऊदला हाक मारली.

"दाऊद, तू इचारलंतंस का त्याला?"

"विचारलं, मावशी."

"आन् त्यो काय म्हनला?"

"काढला म्हणाला."

रतनबाईनं मापटं चरवीत टाकलं. "माझा बन्सी आसा न्हवता," ती म्हणाली. "शेंगा खाऊन टरफलं लपवनारं पोर न्हवतं त्ये. हात आत ठिवून काढला म्हनंल व्हय? तू इचारलंच न्हाईस. इसरलास तर इसरलो म्हन. मी काय तुला फाशी देनार न्हाई."

दाऊदनं पुन्हा तेच सांगितलं. शपथ घातली. रतनबाई ऐकून घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज यायची, दूध ओतायची आणि त्याच्याकडे न बघता जायची. रजियाशी दोन शब्द बोलायची. दाऊद समोर आला की तोंड मिटायची.

त्या मिटलेल्या तोंडानं दाऊद पोखरला गेला. बाजारात लोक कुजबुजत होते, दिवसही दंगलींच्या बातम्यांचे होते, कुजबुजायला निमित्तच हवं होतं. पण लोकांचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. त्याला रतनबाईनं खरं मानायला हवं होतं. लहानपणी त्याची आई गेली तेव्हा याच बाईनं त्याला बन्सीच्या ताटात जेवायला बसवलं होतं. आणि आत खोल त्याला दुसरीच एक भीती होती, ती त्यानं रजियालाही सांगितली नव्हती. आपण खरंच विचारलं होतं का? उत्तर खरंच आलं होतं का? का आपल्याला ते यायला हवं होतं, म्हणून ऐकू आलं? रोज पहाटे जाग आली की तो तो आवाज आठवून बघायचा. आवाज आठवायचा, शब्दही आठवायचा. पण तो बन्सीच्या गळ्यातून आला होता असं छातीठोक सांगता येत नव्हतं.

३

मार्गशीर्ष लागला तसा दाऊदनं बाकड्यावरचं फडकं काढलं. रजियानं कपाळाला हात लावला.

"पुन्हा त्येच? विहिरीत टाका त्यो डबा."

"बन्सी त्यात काय शोधत होता ते मला बघायचंय," दाऊद म्हणाला. "एवढं एक बघू दे."

खटक्यावर बसायला दुसरं कुणी नव्हतं. रजिया पाथर्डीकडची, ढोरमेहनतीची सवय असलेली बाई, पण खटक्याला बोट लावायला ती तयार नव्हती. तरी बसली. नवऱ्यानं दुसऱ्या कुणाला बसवलं असतं तर ते तिला जास्त जड गेलं असतं.

दाऊदनं घड्याळ उघडावं तसा शांतपणे डबा उघडला. आधी बॅटरी तपासली, सहा व्होल्ट पुरते होते. डब्यात एक पट्टी सारखी थरथरत असते आणि तिच्या गुणगुणण्यावर सगळं चालतं. तिची टोकं त्यानं बारीक कानशीनं साफ केली. व्हॉल्व्ह बदलून पाहिला, कंडेन्सर बदलून पाहिला. दर वेळी तेच. रजिया विचारायची, तो हात काढून कमरेला लावायचा, "काढला" म्हणायचा, खटका पडायचा. डबा गुणगुणायला लागायचा, मीटरचा काटा साडेतीनशेवर जायचा, आणि मिनिटभरात काहीही कारण नसताना खाली यायचा. बंद केल्यावरही डबा पोटात वीज धरून बसतो, म्हणून हात घालण्याआधी दाऊद लाकडी मुठीच्या पेचकसानं आतली दोन टोकं जोडायचा. चट्‍ करून ठिणगी पडायची आणि डबा मोकळा व्हायचा.

तिसऱ्या शुक्रवारी त्याला दोष सापडला. चालू डब्यात त्यानं बांबूच्या काडीनं एकेक जोड दाबून पाहिला. तळाशी, ट्रान्सफॉर्मरच्या तारेपाशी काडी टेकली आणि काटा उडाला. तिथला कथलाचा डाख कच्चा होता. वरून चकचकीत, आतून सुटलेला. दाऊदनं भिंग लावून पाहिलं आणि बराच वेळ ते डोळ्यावरून काढलं नाही. तो डाख त्याचाच होता. घड्याळाच्या काट्यांना पुरेल एवढ्याशा उष्णतेनं त्यानं ती जाड तार जोडली होती. बन्सी म्हणाला होता, जरा तापव अजून. यानं म्हटलं होतं, बास आहे.

डबा बंद करून, ठिणगी पाडून, त्यानं हात मनगटापर्यंत आत घातला आणि तो डाख खरवडायला घेतला. मन भलतीकडे होतं. पडवीतून रजियानं विचारलं, "हात काढला का?"

"काढला."

आवाज अगदी जवळून आला, डाव्या अंगानं. दाऊदच्या मनात आलं, कोण बोललं? आणि त्याचा हात आपोआप मागे झाला. खटका पडायला आणि हात बाहेर यायला एकच गाठ पडली. पत्र्याला घासून बोटाचं कातडं निघालं. डबा गुणगुणायला लागला.

४

"मी बोललोच नाही," दाऊद म्हणाला.

"मंग काय भित म्हनली?" रजिया पांढरीफटक पडली होती. "तुमचाच आवाज. रोजचा. मी का कानानं बहिरी हाय?"

दाऊदनं स्वतःची समजूत घातली. तेच तेच शब्द महिनाभर म्हणतोय, निघून गेला असेल तोंडातून. झोपेत माणूस बडबडतो, तसं. कारण पटण्यासारखं होतं. पण त्याला आठवत होतं की आपलं तोंड घट्ट मिटलेलं होतं. खरवडताना तो दात आवळून धरायचा, ती त्याची घड्याळाच्या धंद्यातली जुनी खोड होती.

पुढच्या शुक्रवारी त्यानं बॅटरीची तारच सोडून ठेवली, म्हणजे खटका पडला तरी काही होणार नाही. रजियाला सांगितलं, तू फक्त विचारायचं. तो बाकड्यावर बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"हात काढला का?"

 छावणीकडून रणगाड्याची घरघर आली आणि थांबली. रजियानं दहा वेळा विचारलं. दहाही वेळा कुणी बोललं नाही. दाऊदला हसू यायला लागलं. घड्याळजी, म्हातारा होत चाललास, असं तो स्वतःला म्हणाला. मग त्यानं सहज हात डब्यात घातला.

"हात काढला का?"

"काढला."

डावीकडे बन्सीचा स्टूल होता. रिकामा. खिडकीतून आलेलं ऊन त्याच्या अर्ध्या भागावर पडलं होतं. आवाज तिथून आला होता, किंवा तिथूनच आला असं दाऊदला वाटलं. बन्सीचा म्हणावा तर नव्हता आणि नाही म्हणावा तर तेही जमत नव्हतं. सपाट, सरावाचा आवाज, हजेरी देताना पोरं देतात तसा.

हात बाहेर घेतला की आवाज नाही. हात आत घातला की आवाज आहे. त्यानं सात-आठ वेळा करून पाहिलं. घड्याळात एखादा दात झिजला की काटा नेमका तिथंच अडखळतो, तितकं ते नेमकं होतं.

रजिया आत आली. "अवो, बास करा. काय हाय हे?"

दाऊदच्या डोळ्यात पाणी होतं. तिला वाटलं घाबरला. पण तो घाबरला नव्हता, निदान त्या घडीला तरी नाही. त्याला आनंद झाला होता आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

"म्हणजे मला ऐकू आलं होतं, रजिया," तो म्हणाला. "त्या दिवशी उत्तर आलं होतं. मी खोटा नाही."

हे बोलणारं कोण आहे, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्यानं तो बाजूला सारला. दोन महिने त्याला जे हवं होतं ते हाती लागलं होतं. असं काही हाती लागलं की माणूस ते उलटंपालटं करून बघत नाही.

५

सकाळी रतनबाई दूध घालायला आली तेव्हा तो दारातच उभा होता. तिनं मान खाली घातली.

"मावशी, एकदा घरात या. एक ऐकवायचंय."

ती दूध ओतत राहिली.

"त्या दिवशी उत्तर आलं होतं. ते अजून येतं. तुम्ही तुमच्या कानानं ऐका. पटलं नाही तर पुन्हा कधी तुमच्या वाटेला येणार नाही."

रतनबाईनं दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. "माझं पोरगं बोलतंय म्हनतूस?"

"कोण बोलतं ते मला ठाऊक नाही."

"मंग कशापायी यिऊ?"

 "तुम्ही माझ्याशी बोलत नाही म्हणून," दाऊद म्हणाला.

रतनबाईनं चरवी डोक्यावर घेतली. चार पावलं गेली आणि तिथूनच, वळून न बघता म्हणाली, "शुक्रवारी येते."

त्या आठवड्यात दाऊदनं तांबटाकडून जाड डाखणी मागून आणली आणि कच्चा डाख काढून पक्का केला. डबा आता न अडखळता गुणगुणत होता. काटा साडेतीनशेवर जाऊन तिथंच बसत होता. रेडिओही त्यानं नकाशा बघून पुरा जोडला, पण चालू करून पाहिला नाही. बन्सीशिवाय तो पहिल्यांदा ऐकायचं त्याच्या जिवावर आलं.

६

शुक्रवारी रतनबाई आली आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली. तिथून तिला दोन्हीकडचं दिसत होतं, पडवीत खटक्यापाशी बसलेली रजिया आणि आत बाकड्यावरचा दाऊद. त्या जागेवर आजवर कुणी बसलं नव्हतं. दोन माणसांच्या कामात तिसऱ्याची गरजच कधी पडली नव्हती.

"तार सोडलीय," दाऊदनं सांगितलं. "भिण्यासारखं काही नाही."

"माझ्या बन्सीनं सोडली हुती का तार?" रतनबाई म्हणाली. "जोड. तवाच मी खरं मानीन. न्हाईतर हे सोंग हाय."

रजिया नाही म्हणाली. दाऊद म्हणाला, तू फक्त विचारायचं, खटक्याला शिवायचंच नाही. बराच वेळ दोघांचं चाललं. शेवटी दाऊद स्वतः पडवीत गेला आणि तार जोडून आला. रजियानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

दाऊदनं डब्यात हात घातला. पत्रा गार होता. डोळे त्यानं मुद्दाम त्या नव्या डाखावर ठेवले आणि दात आवळून धरले.

"हात काढला का?" रजियानं विचारलं.

"काढला."

आला. स्वच्छ, डाव्या अंगानं. दाऊदला वाटलं आता मावशी काहीतरी म्हणेल. 

"पुन्यांदा इचार," रतनबाई म्हणाली.

"हात काढला का?"

"काढला."

"आजून येकडाव."

तिसऱ्यांदा उत्तर आल्यावर रतनबाई उंबऱ्यावरून उठली. भिंतीला धरत धरत बाकड्यापाशी आली आणि तिनं दाऊदचं मनगट पकडून हात बाहेर काढला, लहान मुलाचा चुलीपासून काढावा तसा.

"दाऊद," ती म्हणाली, "तूच बोलतूयास."

"नाही, मावशी. या बाजूनं आवाज..."

"मी तुझ्या तोंडाकडं बघत हुते. व्हट हलले तुझे. तिन्ही टायमाला. डोळं त्या डब्यात, हात त्या डब्यात, आन् तोंड म्हनतंय काढला. तुला ठावं बी न्हाई."

दाऊदनं रजियाकडे पाहिलं. ती पडवीतून उठून दारात आली होती. इतके दिवस ती हेच सांगत होती, तुमचाच आवाज, आणि तो ऐकत नव्हता. 

रतनबाई मात्र खाली बसली होती. बन्सीच्या स्टुलावर हात ठेवून ती हळूहळू, स्वतःला समजावत बोलत होती. "म्हंजी त्यानं बी म्हनलं आसंल. त्याला तरी काय ठावं." मग तिला रडू फुटलं. मुलगा गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. रजिया तिच्याजवळ जाऊन बसली.

"तू खोटं बोलला न्हाईस," रतनबाई डोळे पुसत दाऊदला म्हणाली. "मी समद्यांला सांगनार हाय. बाजारात हुबी ऱ्हाऊन सांगनार. दाऊद इचारतो आन् दाऊद खरं सांगतो."

याच शब्दांसाठी त्यानं दोन महिने काढले होते. ते ऐकून त्याला मोकळं वाटायला हवं होतं. तो फक्त स्वतःच्या ओठांवरून बोट फिरवत राहिला.

७

जाण्याआधी रतनबाईनं विचारलं, ज्याच्यापायी हे झालं ते वाजतं तरी का. दाऊदनं रेडिओची तार डब्याला जोडली, स्वतःच पडवीत जाऊन खटका दाबला. व्हॉल्व्ह तापले, खरखर झाली आणि कुठल्याशा दूरच्या स्टेशनावरून एक बाई बातम्या सांगायला लागली. भाषा कळत नव्हती. रतनबाई पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. "लई लांबून बोलतीय," एवढंच म्हणाली.

मग अजान झाली. रतनबाई उठली. दाऊदनं घाईघाईनं रेडिओची तार उपटली, पडवीत येऊन खटका बंद केला आणि तिला आळीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेला. वाटेत तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. उद्या खरवस आणते म्हणाली.

परत येताना तो पडवीच्या पायरीशी थांबला. काहीतरी राहिलं होतं. कामाचा क्रम चुकला होता हे त्याच्या हातांना आधी कळलं. खटका आधी बंद करायचा, तार मागून काढायची. त्यानं उलटं केलं होतं. वीज रेडिओत उतरायला वाटच उरली नव्हती. साडेतीनशे व्होल्ट पोटात घेऊन डबा आत गप्प बसला होता, आणि ठिणगी पाडायची राहून गेली होती.

आतून भांड्याचा, मग पावलांचा आवाज आला. रजिया बाकड्यापाशी होती. तिला पायरीवरच्या चपलेचा आवाज कळला असावा.

"आलात व्हय?" तिनं आतून विचारलं. "ह्यो डबा उचलून आडगळीत टाकते. डोळ्याम्होरं नको आता. ठिणगी पाडली ना?"

दाऊदनं झटकन तळहात तोंडावर दाबला. नाही, नाही पाडली, हेच त्याला ओरडायचं होतं. पण हात काढला तर तोंडातून काय निघेल हे त्याला ठाऊक नव्हतं.

तळहाताखाली त्याचे ओठ हलले.

"पाडली."

इतका घट्ट दाबूनही शब्द स्वच्छ बाहेर पडला. डाव्या अंगानं ऐकू आला.

"मंग उचलू?"

तो धावला. पडवी ओलांडताना त्याला आपला आवाज पुन्हा ऐकू आला, "उचल," शांत, सरावाचा. उंबऱ्यावर ठेच लागली तरी थांबला नाही. रजिया बाकड्यावर वाकलेली होती. तिचे दोन्ही हात डब्याच्या दोन बाजूंना होते आणि एका हाताची बोटं तळाकडे चालली होती. त्यानं मोकळ्या हातानं तिच्या खांद्याला एवढा जोरात धक्का दिला की ती भिंतीवर आदळली आणि तिच्या दोन बांगड्या फुटल्या.

"अवो, काय झालं?" मनगटातून रक्त येत होतं, पण तिला ते दिसलंच नाही. "तुमीच म्हनलात की पाडली. बोलायचं ना, थांब म्हनून."

दाऊदनं एका हातानं पेचकस उचलला आणि दोन टोकांवर टेकवला. मोठी निळी ठिणगी पडली, खोलीभर आवाज झाला, पेचकसाच्या टोकाला खळी पडली. रजियाचा चेहरा उतरला. कुठं हात घालायला निघालो होतो ते तिला कळलं. ती त्याच्याकडे पाहू लागली, तेव्हा तो मागे सरकला.

"आता मोकळा हाय का?" तिनं अगदी हळू विचारलं. "हात लावू का न्हाई? खरं सांगा."

दाऊदनं मान हलवून नाही म्हटलं. दुसरा हात त्यानं तोंडावरून काढला नव्हता. रजिया त्या हाताकडे बघत होती. बोटांच्या फटीतून तिला काय दिसलं ते तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. पण त्याच्या तळहाताला कळत होतं की ओठ अजून हलतायत.

त्या दिवसापासून रजिया त्याला काही विचारत नाही. स्वतः जाऊन बघते. गावात मात्र रतनबाईमुळे असं झालंय की कुणाचं भांडण असो, व्यवहार असो, लोक दाऊदला बोलावतात आणि त्याच्या शब्दावर उठतात. तो जातो, मध्ये बसतो. त्याला विचारलं की सगळे त्याच्या तोंडाकडे बघत थांबतात. तोही थांबतो.